गोग्रास आणि कोंडवाडा

कोठीच्या चौकातून बडी चावडीकडे येताना, मेट्रोच्या खांबांच्या आडोशाला, भर रस्त्यात रवंथ करीत बसलेली गाय आमच्या वाचकांनी अनेकदा पाहिली असेल. तिच्याजवळून जाणारी माणसे दोन प्रकारची असतात. एक तिच्या पाठीला हात लावून तो कपाळी नेतो, पिशवीतली पोळी किंवा विकत घेतलेली गवताची पेंढी तिच्यापुढे टाकतो आणि पुढे जातो. दुसरा कर्णा वाजवितो, नगरपालिकेच्या नावाने चार शब्द बोलतो आणि तोही पुढे जातो. पहिल्यास आपण भाविक म्हणतो, दुसऱ्यास उतावीळ. परंतु एका गोष्टीत दोघे सारखेच आहेत. ही गाय कोणाची, रात्री ती कोठे जाईल, तिला पाणी कोण दाखवील आणि ती आजारी पडली तर तिच्याकडे कोण पाहील, हे दोघांपैकी कोणीच विचारीत नाही.

हाच प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. वरवर पाहता तो नगरपालिकेच्या दप्तरातला आहे. तथापि किंचित खोल जाऊन पाहिले असता तो कर्तव्याचा प्रश्न आहे, आणि त्या कर्तव्याचा एक भाग मंदिरात येणाऱ्या आपणां सर्वांच्या वाट्याला येतो, असे आमचे मत झाले आहे. ते का, हे क्रमाने सांगतो.

आपल्या भागाला गाईंचा शेजार नवा नाही. पलीकडच्या वस्तीचे नावच गौळीगुडा. आपली ही पेठ १९३३ पर्यंत रेसिडेन्सी बाजार या नावाने ब्रिटिश रेसिडेंटाच्या अमलाखाली होती. त्या वर्षी ती निजाम सरकारकडे परत आली आणि तिला सुलतान बाजार हे नाव मिळाले. त्या काळी शहरातली गाय कशी राहत असे, हे जुन्या मंडळींस ठाऊक आहे. पहाटे ती पिळली जाई, गुराखी तिला बाहेरच्या मोकळ्या जमिनीवर चरावयास नेई आणि दिवेलागणीला ती दावणीला परत येई. रस्त्यावर ती तेव्हाही दिसे. परंतु दावण आणि कुरण या दोन ठिकाणांमध्ये जाण्यायेण्याची ती वाट होती. आज कुरणे गेली, गुराखी गेले आणि कित्येकांच्या घरची दावणही गेली. जी गाईची वाट होती, तोच तिचा मुक्काम झाला. मोकाट गुरांचा प्रश्न म्हणून आपण ज्याला नाव देतो, त्याचे मूळ येथे आहे. गाय बदललेली नाही. तिच्या दोन्ही टोकांची ठिकाणे नाहीशी झाली आहेत.

गाय पूज्य असल्यामुळे तिला कोठेही फिरण्याची मुभा असली पाहिजे, असा एक समज आढळतो, आणि तो शास्त्राच्या नावाने सांगितला जातो. स्मृतिकारांचे मत मात्र तसे दिसत नाही. याज्ञवल्क्य स्मृतीत, पिकाचा नाश करणाऱ्या जनावरांबद्दल दंड सांगितला आहे तो असा: म्हशीला आठ माष, गाईला त्याच्या निम्मा, शेळीमेंढीला त्याच्याही निम्मा. जनावर नुसते चरून न जाता तेथेच बसून राहिले तर दंड दुप्पट. जितके पीक गेले तितकी भरपाई शेतकऱ्यास मिळावी, गुराख्यास शिक्षा व्हावी आणि मालकाने दंड भरावा. या स्मृतीवरील मिताक्षरा ही विख्यात टीका विज्ञानेश्वराने लिहिली, ती चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कल्याणीत. ते कल्याण म्हणजे आजचे बसवकल्याण. बिदर जिल्ह्यातले हे गाव १९५६ पर्यंत आपल्याच हैद्राबाद राज्यात होते. तेव्हा हा विचार आपणांस परका नाही.

शास्त्राने काही जनावरांना दंडातून सूटही दिली आहे. मोठा वळू, देवाला किंवा पितरांच्या नावाने सोडलेला पशू, नुकतीच व्यालेली गाय, कळप चुकून दुरून आलेले जनावर, ज्याला राखणदारच नाही असे जनावर. यांना अडवू नये, असे सांगितले आहे. वृषोत्सर्गाच्या विधीत सोडलेल्या वळूला आपल्याकडे पोळ म्हणत, आणि गावातले शेतकरी त्याने खाल्लेले धान्य सोसून घेत. परंतु ही सूट नीट पाहावी. ती जनावराला आहे. दूध काढून घेऊन गाय रस्त्यावर हाकलणाऱ्या मालकाला ती नाही. पोळ सोडणारा मनुष्य त्या वळूपासून पुढे कोणताही लाभ घेत नसे. तो दान देऊन हात आवरून घेई. सकाळ-संध्याकाळ धार काढावयास गाय हवी आणि मधल्या वेळी तिचे पोट मात्र गावाने भरावे, याला उत्सर्ग म्हणता येणार नाही.

याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. त्याच स्मृतीत गावाभोवती गुरांसाठी किती जागा मोकळी सोडावी तेही सांगितले आहे: खेड्याभोवती शंभर धनुष्ये, मोठ्या गावाभोवती दोनशे आणि नगराभोवती चारशे. धनुष्य म्हणजे चार हात. तेव्हा नगरासाठी जवळजवळ अर्ध्या मैलाचा पट्टा झाला. मालकाला दंड आणि गुरांना कुरण, या दोन आज्ञा एकाच प्रकरणात शेजारी शेजारी आहेत. दंड करण्याचा अधिकार सत्तेला कोठून येतो, याचे उत्तर या शेजारात आहे. ज्याने चरावयास जागा राखून ठेवली, त्याने दुसरीकडे चरल्याबद्दल दंड घ्यावा. जागा न ठेवता नुसता दंड घेणे हा अर्धा धर्म होय.

इंग्रजी अमलाने या दोहोंपैकी दंडाचा भाग उचलला. १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा हा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कोंडवाड्यांचा पाया. निजामाचे राज्य त्याच्या कक्षेबाहेर होते. परंतु पुढे देशभर या बाबतीत जे वळण पडले ते याच कायद्याचे. त्यातील मूळ दर वाचण्यासारखे आहेत: हत्तीला दोन रुपये, उंट व म्हैस यांना आठ आणे, घोडा, बैल व गाय यांना चार आणे, वासराला दोन आणे, शेळीमेंढीला एक आणा. म्हैस आणि गाय यांच्या दंडाचे प्रमाण याज्ञवल्क्याने सांगितले तेच येथेही आहे, हे पाहून कोणासही नवल वाटेल. अधिक खाणाऱ्याला अधिक दंड, हा व्यवहार दोन्हीकडे सारखाच सुचला असावा.

या कायद्याची रीतही लक्षात ठेवण्याजोगी आहे. धरलेले जनावर चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचविले पाहिजे. कोंडवाडेवाल्याने त्याला चारापाणी घातले पाहिजे आणि तो खर्च मालकाकडून घ्यावा. सात दिवसांत कोणी आले नाही तर पोलीस ठाण्यात वर्णनासह नोटीस लावावी, जवळच्या गावी व बाजारात दवंडी पिटवावी, आणखी सात दिवस वाट पाहावी आणि मग लिलाव करावा. खर्च व दंड वजा जाऊन उरेल ती रक्कम मालकाची. कोंडवाडेवाल्याला आणि पोलीस अंमलदाराला त्या लिलावात बोली करण्यास मनाई. यात जनावराविषयी प्रेम दिसत नाही, हे खरे; पण दुसऱ्याच्या मालाविषयी सचोटी आहे. मुके जनावर चौदा दिवस सत्तेच्या हाती ठेव म्हणून असते आणि त्या ठेवीचा हिशेब द्यावा लागतो, हे तत्त्व त्यात आहे. पुढे १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने तिकडील खेड्यांचे कोंडवाडे पंचायतींच्या हाती दिले. आपल्या संविधानात कोंडवाडे हा विषय राज्यांच्या सूचीत आहे, आणि १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांच्या कामांमध्ये कोंडवाडे आणि प्राण्यांवरील क्रौर्याचे निवारण ही दोन्ही एकाच ओळीत लिहिली आहेत. हे एकत्र लिहिणे आम्हांस अर्थपूर्ण वाटते. गाय पकडणे आणि तिला छळ न होऊ देणे ही नगरपालिकेची दोन कामे नसून एकच काम आहे.

आता हा कोंडवाडा आज का अपुरा पडतो, ते पाहू. जुन्या काळी अडकलेल्या गुराला किंमत होती. बैल नांगराला लागे, भाकड गाय पुन्हा गाभण राहील ही आशा असे, गोऱ्हा उद्याचा बैल म्हणून वाढविला जाई. म्हणून मालक धावत येई, आणि तो न आला तर लिलावात गिऱ्हाईक मिळे. आज शेताला ट्रॅक्टर आला. बैलाची गरज आटली आणि गोऱ्ह्याची तर मुळीच राहिली नाही. दुभती गाय धरली तर मालक त्याच दिवशी दंड भरून तिला सोडवून नेतो, कारण संध्याकाळची धार चुकू द्यावयाची नसते. भाकड गाय धरली तर तो येतच नाही. उलट एक तोंड कमी झाले म्हणून सुटकेचा श्वास टाकतो. काही ठिकाणी कानाचा पिवळा बारा आकडी बिल्ला आधीच कापून टाकलेला असतो, म्हणजे नावाचा मागच उरत नाही. याचा परिणाम असा की, ज्यांना मालक आहे ती जनावरे कोंडवाड्यातून बाहेर पडतात आणि ज्यांना कोणी नाही तीच आत साठत जातात. दंड वाढविला तर हा प्रकार सुधारेल असे अनेकांना वाटते. परंतु दंड ज्या प्रमाणात गाईच्या किमतीहून मोठा होईल, त्या प्रमाणात मालक तिला टाकून देईल, हे साधे गणित आहे.

लिलावाचा मार्गही पूर्वीसारखा मोकळा राहिला नाही. बोली करणाऱ्याच्या मागे कसाई उभा असतो, ही शंका भाविक समाजाला सहन होत नाही, आणि अनेक राज्यांच्या कायद्यांनाही ती मान्य नाही. महाराष्ट्रात गाईच्या वधाला १९७६ च्या कायद्याने बंदी झाली आणि २०१५ मध्ये ती बैल व वळू यांनाही लागू झाली. ही बंदी असावी की नसावी, हा या लेखाचा विषय नव्हे. आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे की, समाजाने एकदा मारावयाचे नाही असे ठरविले म्हणजे जगवावयाचे आहे असेही त्याच क्षणी ठरविले जाते. आणि जगविण्याला रोजचा चारा लागतो. मोठ्या गाईला दिवसाला वीस किलोंच्या आसपास हिरवा चारा आणि वर चार-पाच किलो कडबा लागतो. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १९ कोटी २५ लक्ष गाईबैल मोजले गेले, आणि त्याखेरीज रस्त्यावरची मोकाट गुरे ५० लक्ष २१ हजार भरली. एकट्या राजस्थानात ती १२ लक्ष ७२ हजार आणि उत्तर प्रदेशात ११ लक्ष ८४ हजार होती. निर्णय विधिमंडळाने एका दिवशी घेतला. त्याचा खर्च मात्र कोणाच्या तरी गव्हाणीत रोज पडावा लागतो.

निरनिराळ्या ठिकाणी यावर जे उपाय झाले, त्यांतून शिकण्यासारखे आहे. मुंबईत १९४९ मध्ये आरे दुग्धवसाहत स्थापन झाली, ती शहरातील तबेल्यांच्या म्हशी बाहेर नेण्यासाठी. तेथे सरकारने केवळ हाकलले नाही. आधी जागा दिली, गोठे दिले, दूध घेण्याची व्यवस्था केली आणि मग जा म्हटले. गुजरातेत २०२२ साली शहरांतील गुरांवर नियंत्रण ठेवणारे विधेयक संमत झाले. त्यात परवाना, बिल्ला आणि तुरुंगवासही होता. मालधारी समाजाने त्याला कडाडून विरोध केला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारला ते मागे घ्यावे लागले. गोचराची जमीन शहराने गिळली आणि आता गुन्हेगार आम्ही, ही त्यांची तक्रार होती. तिच्यात सर्व सत्य होते असे नाही, पण काही सत्य निश्चित होते. उत्तर प्रदेशाने २०१९ पासून निराश्रित गुरांसाठी आश्रयस्थाने काढली आणि दर जनावरामागे दिवसाला तीस रुपये देऊ केले. ते २०२३ मध्ये पन्नास झाले. महाराष्ट्राने ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गाईला राज्यमाता म्हणून जाहीर केले आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी तेवढेच, म्हणजे दिवसाला पन्नास रुपये ठरविले. वर सांगितलेला चारा पन्नास रुपयांत येतो किंवा नाही, हे आमच्या वाचकांपैकी जी मंडळी बाजारहाट करतात त्यांना सांगणे नलगे. आणि ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांवरील मोकाट गुरे हलवून त्यांना गोशाळांत किंवा आश्रयस्थानांत ठेवण्याची आज्ञा राज्यांना व रस्ते-संस्थांना केली. आज्ञा योग्यच आहे. रात्रीच्या अंधारात रस्त्यावर बसलेल्या गाईवर वाहन आदळते तेव्हा गाय मरते आणि मनुष्यही मरतो. परंतु रस्त्यावरून हलविलेली गाय जेथे नेली तेथे ती जगते की नाही, हे पाहणारा डोळा आज्ञेने निर्माण होत नाही.

तो डोळा कोणाचा असावा, येथे आम्ही आपल्या मुख्य मुद्द्यावर आलो. आमचे उत्तर असे आहे की, तो गाईला नमस्कार करणाराचा असावा. याचे कारण भावनेचे नाही, व्यवहाराचेच आहे. मंदिरापुढे आणि चौकात जो चारा, ज्या पोळ्या आणि जो भात भाविक टाकतात, त्याच्या भरवशावर गाय सकाळी सोडली जाते. मालकाला हिशेब पक्का ठाऊक असतो: दूध माझे, पोट देवळाचे. आपण पुण्य समजून टाकलेली पेंढी मालकाच्या खर्चातली पेंढी वाचविते, आणि त्या बचतीची किंमत गाय रस्त्यावर बसून भरते. आपला हेतू शुद्ध असतो याविषयी आम्हांस मुळीच शंका नाही. परंतु कर्माचे फळ हेतूवर जसे अवलंबून आहे तसे ते परिणामावरही आहे. निदान ज्याच्यावर ते कर्म घडते त्या जिवाच्या दृष्टीने तरी परिणामच तेवढा खरा असतो.

शिवाय आपण काय टाकतो तेही पाहावे. गाईचे पोट चार कप्प्यांचे. त्यातला पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा गवत व कडबा आंबवून पचविण्यासाठी असतो. शिजविलेला भात, कणकेचे गोळे, गोडाधोडाचे उरलेले अन्न एकाएकी फार पोटात गेले म्हणजे तेथे आम्ल वाढते, रवंथ बंद पडते आणि गाय दगावतेही. सणाच्या दुसऱ्या दिवशी पंगतीचे उरलेले अन्न ढिगाने रस्त्याकडेला ओतणारा मनुष्य तिला खाऊ घालीत नसतो. तेच अन्न प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून टाकले तर गाय ते सोडवून खाऊ शकत नाही. ती जिभेने ओढून घेते आणि पिशवीसकट गिळते. पिशवी पचत नाही व बाहेरही पडत नाही. वर्षानुवर्षे ती पोटात साठते आणि पोट भरल्यासारखे दिसत असताना गाय उपाशी मरते. या गोष्टीकडे लक्ष वेधण्यासाठी पुट्टपर्तीच्या करुणा सोसायटीने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली होती.

आपल्या परंपरेतला गोग्रास असा नव्हता. जेवणापूर्वी, आपल्या घरच्या ताज्या अन्नातून, आपला वाटा कमी करून गाईसाठी काढलेला तो घास होता. मोजका असल्यामुळे तो बाधत नसे, आणि तो ज्या गाईला दिला जाई तिला घर व दावण होती. उरलेले ते गाईला, ही समजूत अलीकडची. ग्रास आणि उष्टे यांतला हा भेद संतांनी आपल्या आचरणाने दाखविला आहे. पैठणच्या नाथमहाराजांनी रामेश्वराच्या अभिषेकासाठी आणलेल्या कावडीतले गंगाजल वाळवंटात तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तिच्यात दोन गोष्टी आहेत. नाथांनी दिले ते त्यांच्याजवळचे सर्वांत मोलाचे होते. आणि ते त्या जनावराला त्या क्षणी हवे होते तेच होते. आपल्या दानात या दोन्ही गोष्टी असाव्यात, एवढेच आमचे म्हणणे आहे.

येथे काही आक्षेप संभवतात. पहिला असा की, गवळी गरीब आहे. शहरात जागा त्याने आणावी कोठून? हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच आम्ही केवळ दंडाचा पुरस्कार करीत नाही. परंतु गवळ्याच्या गरिबीचा भार गाईने वाहावा, हे उत्तर नव्हे. गाय वर्षातले काही महिने दूध देते आणि उरलेले महिने भाकड असते. त्या महिन्यांच्या चाऱ्याचा खर्च दुधाच्या भावात धरलेला नसेल, तर ते स्वस्त दूध आपण पितो, त्याने देवाला अभिषेक करतो आणि त्याचे पेढे वाटतो, तेव्हा त्या गाईचे देणे आपल्याकडेही राहते. दूध घेणाऱ्याने आपल्या गवळ्यास एक प्रश्न विचारावा: गाय आटली म्हणजे तिला कोठे ठेवतोस? जो नीट उत्तर देईल त्यास लिटरमागे चार पैसे अधिक द्यावेत. हे गोदानाहून लहान काम वाटेल, पण गाईपर्यंत अधिक निश्चितपणे पोचेल.

दुसरा आक्षेप असा की, हे काम सरकारचे. मंदिराने त्यात का पडावे? काम सरकारचे आहे, यात संशय नाही. १९६० च्या प्राणिक्रौर्य-प्रतिबंधक कायद्याने जनावराला भुकेने-तहानेने तळमळेल अशा स्थितीत सोडून देणे हा अपराध ठरविला आहे. परंतु पहिल्या अपराधाचा दंड दहा ते पन्नास रुपयेच ठेवला. एवढ्या दंडाला कोण भितो? जेथे कायद्याचा धाक इतका हलका, तेथे लोकमताचा भार त्याच्या जोडीला लागतो, आणि गाईच्या बाबतीत लोकमत घडविण्याचा अधिकार मंदिराइतका दुसऱ्या कोणाला आहे? गोमातेच्या नावाने सभा भरवून घोषणा देणे सोपे. तिच्या कोंडवाड्यात जाऊन हौदात पाणी आहे की नाही हे पाहणे कष्टाचे. दुसरे केल्यावाचून पहिल्याला मोल येत नाही.

तिसरा आक्षेप मनाला लागणारा आहे. मंदिराच्या दारी गवताच्या पेंढ्या विकून पोट भरणाऱ्या बायांचे काय? रस्त्यावर चारा घालणे बंद झाले तर त्यांचा धंदा बुडेल. याचा विचार केल्याशिवाय कोणताही ठराव करणे अन्यायाचे होईल. म्हणून आमची सूचना अशी की, पेंढ्यांची विक्री बंद न करता तिची दिशा बदलावी. भाविकाने पेंढी पूर्वीप्रमाणेच विकत घ्यावी, हात लावून मंदिरातल्या एका ठरलेल्या जागी ठेवावी, आणि सायंकाळी तो सर्व चारा गाडीने एखाद्या गोशाळेत किंवा कोंडवाड्यात पोचता करावा. विकणारीचा धंदा राहील, देणाऱ्याचा भाव राहील आणि गाय रस्त्यावरून उठेल.

याबरोबर आणखी तीन गोष्टी आमच्या समाजाने कराव्यात, असे आम्ही सुचवितो. शिजविलेले अन्न आणि प्लास्टिकच्या पिशव्या गाईपुढे टाकू नयेत, अशी पाटी मंदिरात मराठी, तेलुगू व हिंदी या तिन्ही भाषांत लावावी. गोशाळेला द्यावयाची देणगी मोघम न देता एका जनावराच्या अमुक दिवसांच्या चाऱ्याची म्हणून द्यावी आणि त्याचा हिशेब मागावा. आणि महानगरपालिकेने धरलेल्या गुरांची नोंद, म्हणजे तारीख, ठिकाण, कानाचा बिल्ला, ती कोठे ठेवली आणि पुढे तिचे काय झाले, ही सर्वांस पाहावयास मिळावी, अशी विनंती समाजाच्या वतीने करावी. जुन्या कायद्यातल्या दवंडीचे काम हेच होते. ज्या गाईची नोंद आहे ती गुपचूप नाहीशी होऊ शकत नाही, आणि ज्या मालकाची नोंद आहे तो तिला गुपचूप टाकू शकत नाही.

मग गाय कोणाची? जोवर ती दूध देते तोवर ती मालकाची, यात वाद नाही. आणि भाकड झाल्यावरही ती त्याचीच आहे, हे त्याला सांगण्याचा अधिकार समाजाला आहे. त्याने टाकली तर ती नगरपालिकेच्या हाती ठेव आहे, आणि ठेवीचा हिशेब मागणे हे नागरिकाचे काम. या दोहोंनीही हात वर केले तर ती ज्यांनी तिला माता म्हटले त्यांची होते. मातेला रस्त्यावर नमस्कार करून पुढे जाणे हे पुत्राचे लक्षण नव्हे. वसुबारसेला गाय-वासराची पूजा करताना आपल्या घरांत जो ग्रास काढला जातो, तो या वर्षी एखाद्या गोठ्यापर्यंत स्वतः पोचवावा आणि तेथली गव्हाण डोळ्यांनी पाहून यावी, अशी सर्व सभासदांस आमची नम्र विनंती आहे.